पेटी स्वस्त, श्वास मोकळा! : घरच्या थिएटर पीसीचे कॅबिनेट कसे पारखावे?

कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटलं की आपली चर्चा कुठून सुरू होते? प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का! सगळं ठरून यादीच्या शेवटी दुकानदारच विचारतो, "आणि कॅबिनेट कोणतं टाकू?" आपण म्हणतो, "टाका कोणतंही, स्वस्तातलं." प्रोसेसरवर महिनाभर डोकं चालवणारा माणूस कॅबिनेटवर दोन मिनिटं देतो. एसी लॅबमध्ये ठेवायच्या मशीनसाठी हे चालून जाईल. पण मशीन मराठवाड्यातल्या एखाद्या गावी, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी ठेवायचं असेल तर ते किती वर्षं जगणार, हे बऱ्याच अंशी ही पेटीच ठरवते. या लेखात त्याच पेटीची परीक्षा घ्यायची आहे.

उदाहरण अगदी घरचं आहे. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात बोरी नावाचं मोठं गाव आहे. माझं आजोळ तिथलं. मामाच्या घरी एक ३२ इंची टीव्ही आहे, स्मार्ट नसलेला, पण एचडीएमआय असलेला. कपाटात दोन पिशव्या भरून डीव्हीडी आणि व्हीसीडी आहेत : लग्नं, बारशी, गावच्या सप्ताहातली कीर्तनं आणि आजोबांच्या भजनी मंडळाचं एकमेव रेकॉर्डिंग. डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडला. हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवून टीव्हीवर बघता यावं, असा एक पीसी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बजेट कापसाच्या पैशातलं, म्हणजे एकदाच मिळणारं. मशीन दुसऱ्या उन्हाळ्यात बसलं तर तिसऱ्या उन्हाळ्यासाठी पैसे नाहीत. कॅबिनेटसाठी दोन हजारांच्या आसपासची रक्कम बाजूला काढली होती. मी पट्टी घेऊन डबे मोजत बसले तेव्हा मामा म्हणाले, "अगं, डबा हाय तो डबा, त्यात काय बघायलीस एवढं?" पुढचा लेख हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एचटीपीसी म्हणजे काय?

होम थिएटर पीसी, थोडक्यात एचटीपीसी, म्हणजे टीव्हीला जोडून सोफ्यावरून, किंवा सतरंजीवरून, वापरायचा कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. त्याच सुमारास गेमच्या एक्सबॉक्स यंत्रावर चित्रपट बघता यावेत म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी एक मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे ते एक्सबीएमसी नावाने ओळखलं गेलं आणि २०१४ पासून त्याचं नाव कोडी आहे. मामाच्या मशीनवर तेच आहे.

या हौसेपायी कॅबिनेटची एक वेगळी जातच तयार झाली. सिल्व्हरस्टोन, अँटेक यांसारख्या कंपन्यांनी आडवी, अॅम्प्लिफायरसारखी दिसणारी, अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग असलेली कॅबिनेट काढली. दिसायला एकदम राजेशाही, किमतीही तशाच! नंतर टीव्हीच स्मार्ट झाले, मागे लावायच्या छोट्या स्टिक आल्या आणि ही जात रोडावली. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधलं तर एखादं मिळेलही, पण परभणीत 'एचटीपीसी कॅबिनेट द्या' म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहील.

इथे एक प्रामाणिक सूचना. तुम्हाला फक्त इंटरनेटवरचे सिनेमे बघायचे असतील तर हा खटाटोप करू नका, एक स्टिक घ्या आणि सुखी राहा. ज्यांच्याकडे डीव्हीडी आहेत, हार्ड डिस्कवर जुना साठा आहे, ज्यांना त्याच मशीनवर मुलांचा अभ्यास आणि शेतीचे ऑनलाइन अर्जही करायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

३५ अंशांची खोली

आता खरा मुद्दा. कॅबिनेट ही मुळात उष्णता बाहेर टाकणारी पेटी आहे. तिची परीक्षा खोलीच्या तापमानापासून सुरू होते.

इंटेलने २००३ मध्ये कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. त्या काळातली, एका बाजूच्या पत्र्याला भोंगा लावलेली कॅबिनेट तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर अजून सापडतील. ती याच मार्गदर्शिकेतून आली. तिचा हिशोब असा : खोली ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये. म्हणजे पेटीने फक्त ३ अंशांची भर घालायची. म्हणूनच अशा पेट्यांना '३८ डिग्री कॅबिनेट' म्हणायचे.

गंमत बघा. हिशोब करणाऱ्यांनी खोली जास्तीत जास्त ३५ अंश धरली. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत दुपारी तीन वाजता ४० हा आकडा विशेष नाही. म्हणजे आपला पीसी चालू होण्याआधीच त्या हिशोबाच्या बाहेर गेलेला असतो! उलट डिसेंबरात पारा एक आकडी होतो, तेव्हा कोणतीही पेटी पास होते. त्यामुळे कॅबिनेटची परीक्षा मे महिन्यात घ्यायची, दिवाळीत नाही.

प्रोसेसरची चिंता त्या मानाने कमी. १०० अंशांच्या आसपास पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि वाचतो. हार्ड डिस्कला ती सोय नाही. बहुतेक साध्या डेस्कटॉप हार्ड डिस्कना ६० अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते. खोली ४० आणि मर्यादा ६०, म्हणजे हातात फक्त २० अंश. आणि आजोबांचं भजन त्या हार्ड डिस्कवरच आहे. म्हणून एचटीपीसीचं कॅबिनेट निवडताना माझा पहिला प्रश्न 'हार्ड डिस्कला वारा कुठून लागणार?' हाच होता.

थोडं गणित

घाबरू नका, थर्मोच्या पेपरइतकं नाही. पेटीतून किती हवा खेळली पाहिजे, याचं सूत्र असं :

हवेचा प्रवाह = उष्णता ÷ (हवेची घनता × विशिष्ट उष्णता × तापमानातली वाढ)

आपला साधा पीसी पूर्ण भारावर ८० वॅट उष्णता टाकतो असं धरू. बोरी समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर, आणि हवा ४२ अंशांची. अशा हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०७ किलो. विशिष्ट उष्णता १००५. पेटीने हवेचं तापमान ८ अंशांहून जास्त वाढवू नये अशी आपली अट. मग,

८० ÷ (१.०७ × १००५ × ८) = ०.००९३ घनमीटर प्रति सेकंद

म्हणजे सेकंदाला सव्वानऊ लिटरच्या थोडं वर, किंवा पंख्याच्या खोक्यावर लिहितात त्या भाषेत सुमारे २० सीएफएम. वाढ ४ अंशांवर ठेवायची असेल तर हवा दुप्पट, ४० सीएफएम.

हे उत्तर दिलासा देणारं आहे. १२० मिमीचा साधा पंखा ८००-९०० फेऱ्यांवर मोकळ्या हवेत ३०-४० सीएफएम देतो. जाळी, वायरी आणि पत्रा यांच्या अडथळ्याने त्यातला निम्मा वाया गेला तरी आपलं भागतं. म्हणजे बोरीच्या उन्हातही सहा पंख्यांची रोषणाई लागत नाही. एकच मोठा, संथ पंखा पुरतो. अट एकच : त्याला हवा आत घ्यायला वाट हवी. स्वस्त कॅबिनेट नेमकी इथेच नापास होतात.

वाट किती मोकळी?

दुकानात समोरून भोकं दिसतात. पण ती भोकं म्हणजे वाट नव्हे. पट्टीने मोजा. समजा भोकांचा व्यास ४ मिमी आणि दोन भोकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर ६ मिमी, चौकोनी मांडणी. एका ६ × ६ च्या चौकोनात एक भोक येतं. मोकळं क्षेत्रफळ = (३.१४ ÷ ४) × (४ ÷ ६) चा वर्ग = सुमारे ०.३५. म्हणजे पत्र्याचा ६५ टक्के भाग बंदच! त्याच जागी तारेची किंवा बारीक पत्र्याची जाळी असेल तर बराच जास्त भाग मोकळा मिळतो.

दुसरी फसवणूक दर्शनी प्लॅस्टिकची. बाहेर सुंदर नक्षी असते आणि तिच्या मागे, दोन बोटांवर, बंद पत्रा. सध्या फॅशन काचेची आहे : समोर काच, बाजूला काच, आत रंगीत दिवे. दिवे मस्त दिसतात, पण समोरून काच म्हणजे नाक दाबून पळायला सांगण्यासारखं झालं. सिनेमा बघताना टीव्हीशेजारी रंग बदलणारे दिवे कोणाला हवे आहेत, हा प्रश्न वेगळाच.

हवेची वाट तपासायची सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे उदबत्ती. पंखे चालू करून घ्या, घरातला पंखा बंद करा आणि पेटीच्या समोरच्या जाळीजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. तो तिथेच घोटाळत राहिला तर वाट अडली आहे. मागच्या बाजूला, कार्डांच्या फटींपाशी धरून बघा. तिथून धूर आत जात असेल तर पेटी मागून तीच गरम हवा पुन्हा ओढते आहे.

तीन उमेदवार

माझ्यासमोर तीन प्रकारचे पर्याय होते.

पहिला, पातळ मिनी-आयटीएक्स कॅबिनेट. व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलेला हा बोर्डाचा आकार फक्त १७० × १७० मिमी. कॅबिनेट पुस्तकाएवढं, शोकेसच्या कप्प्यात अगदी फिट. पण आत १२० मिमीचा पंखा बसत नाही, ४०-६० मिमीचे छोटे पंखे लागतात. छोटा पंखा तेवढीच हवा द्यायला फार जोरात फिरतो आणि किरकिरतो. वेगाचा अर्धा भाग कमी केला तर पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून मोठा आणि संथ पंखा नेहमी बरा. शिवाय डीव्हीडी ड्राइव्हला जागा नाही.

दुसरा, कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला ब्रँडेड छोटा डेस्कटॉप. याबद्दल मला आदर आहे. याचा पत्रा दणकट, आतली हवेची वाट विचारपूर्वक आखलेली आणि किंमत वाजवी. अडचण एकच : यातला एसएमपीएस बहुधा त्या कंपनीच्या खास आकाराचा असतो. तो गेला की परभणीत बाजार पालथा घातला तरी जोडीदार मिळेलच असं नाही. मग सगळं मशीन केवळ एका भागासाठी पडून.

तिसरा, साधं उभं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट. बोर्ड २४४ × २४४ मिमीपर्यंत, एसएमपीएस नेहमीच्या एटीएक्स आकाराचा, पंखे ८० किंवा १२० मिमीचे. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं. तेव्हापासूनची कितीतरी कॅबिनेट आजचे भाग सामावून घेतात. याचा दिमाख शून्य. पण यातला प्रत्येक भाग जिंतूरला नाही तर परभणीला, अगदी जुन्या मशीनमधून काढूनसुद्धा, मिळतो. आणि एक गंमत : महागड्या काचेच्या कॅबिनेटमधून डीव्हीडी ड्राइव्हचा कप्पा केव्हाच गायब झाला, स्वस्तातल्या जुन्या डिझाइनमध्ये तो अजून आहे. आपल्याला तोच तर हवा होता!

तेव्हा तिसऱ्याची निवड झाली. आता त्याचे गुणदोष.

पत्रा : पाव मिलिमीटरची किंमत

स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, बऱ्यापैकी कॅबिनेटचा ०.७ च्या पुढे. फरक क्षुल्लक वाटतो ना? पण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल आठवा : पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ०.७ ÷ ०.५ = १.४, आणि १.४ चा घन २.७४. म्हणजे ०.२ मिमी जादा पत्र्याने ताठपणा पावणेतीन पट होतो.

याचा एचटीपीसीशी संबंध आवाजाचा. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि १२० हर्ट्झचा 'घूंऽऽ' असा सूर पत्र्याला देते. पातळ पत्रा त्या सुराला तबल्यासारखी साथ करतो. उपाय सोपा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून हार्ड डिस्कच्या स्क्रूखाली वॉशर म्हणून घाला आणि स्क्रू अति आवळू नका. ५४०० फेऱ्यांची डिस्क घेतलीत तर आणखी चांगलं : ती कमी तापते आणि सिनेमाला तेवढा वेग भरपूर होतो.

आवाजाबद्दल आणखी एक. परदेशी परीक्षणांत एचटीपीसीचा आवाज हा पहिला निकष असतो, कारण तिथे खोली बंद आणि शांत असते. बोरीत मे महिन्यात छताचा पंखा आणि कूलर चालू असताना पीसीचा आवाज ऐकू येणं हीच बातमी ठरेल! खरी शांतता हिवाळ्यातल्या रात्री असते, आणि तेव्हा पंखा हळू फिरवला तरी चालतं. म्हणून पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलण्याची सोय बायोसमध्ये चालू करा. आपल्याकडे निकषांचा क्रम असा : आधी गारवा, मग धूळ, मग आवाज, शेवटी रूप.

काळी माती आणि पांढरा कापूस

आपली माती काळी कापसाची. उन्हाळ्यात तिची भुकटी होते आणि ती कुठेही शिरते. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा, वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू. हे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकतात, त्यावर माती बसते आणि महिन्या दोन महिन्यांत तिथे चक्क गादी तयार होते.

यावर उपाय म्हणजे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवणे. मग पेटीत किंचित दाब राहतो आणि फटीफटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. हवा आत येण्याची वाट एकच राहते आणि त्या वाटेवर गाळणी लावता येते. नायलॉनच्या जुन्या मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा ही माझी गाळणी. बारीक माती ती पूर्ण अडवत नाही, पण तंतू आणि भुसा अडवते, आणि धुऊन पुन्हा लावता येते.

स्वस्त कॅबिनेटमध्ये मागच्या कार्डांच्या पट्ट्या मोडून काढायच्या असतात. एकदा मोडली की ती जागा कायमची उघडी. तिथून पाल, झुरळ, उंदराचं पिलू, कोणीही आत येतं, आणि बोर्डवर पाल म्हणजे शॉर्ट सर्किट. लागेल तेवढीच पट्टी मोडा, उघडी राहिलेली फट जाळीने बंद करा.

आणि कूलर! कोरड्या हवेत कूलर खोलीचं तापमान चांगलंच उतरवतो, त्यामुळे तो पीसीचा मित्रच. पण त्याच्या थेट झोतात पेटी ठेवू नका. पाण्याचे तुषार आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डवर बसतो.

नाव सोनूबाई...

आता सर्वात महत्त्वाचा इशारा. स्वस्त कॅबिनेटबरोबर बऱ्याचदा एसएमपीएस 'फुकट' येतो. त्यावर ठळक लिहिलेलं असतं '४५० वॅट'. खालचं बारीक लेबल वाचा. समजा १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर लिहिलं आहे. १२ × १४ = १६८ वॅट. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरच घेतो. म्हणजे खरी ताकद १६८ वॅट, बाकी सगळं नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

आपल्या ८० वॅटच्या मशीनला १६८ सुद्धा पुरतील. खरी गोम आतल्या कपॅसिटरमध्ये आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास चालेल. रोज पाच तास धरले तर सतरा वर्षं. तोच ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर असेल तर ६५ अंशांना ८,००० तास, म्हणजे साडेचार वर्षांच्या आत. आणि पेटी कोंडलेली असून कपॅसिटर ७५ अंशांवर राहिला तर ४,००० तास : जेमतेम सव्वादोन वर्षं. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात मशीन का बसतात, याचं गणित हे असं आहे.

म्हणून मी कॅबिनेट एसएमपीएसशिवाय घेतलं आणि एसएमपीएस वेगळा, नावाजलेला, ८० प्लस प्रमाणपत्राचा घेतला. तो कॅबिनेटपेक्षा महाग पडला. मामांना ते पटायला वेळ लागला. वरचं वर्षांचं गणित वहीवर मांडून दाखवल्यावर मात्र ते काही बोलले नाहीत, फक्त पैसे मोजले.

हाताला झिणझिण्या

पेटीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, हा अनुभव गावाकडे अनेकांना असेल. 'बॉडीत करंट उतरलाय' म्हणून लोक प्लग उलटा करून बघतात. कारण बहुधा वेगळं असतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. विजेतला गोंधळ जमिनीत सोडणं हे त्याचं काम. पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर पेटी या दोघांच्या मधोमध तरंगते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, मिलिअँपिअरच्या आतला. त्याने फक्त झिणझिण्या येतात, पण अशा अवस्थेत एचडीएमआयची वायर लावली तर टीव्हीचा पोर्ट जाऊ शकतो. आणि खरोखरच कधी फेज पेटीला चिकटली तर अर्थिंगशिवाय जीवावर बेतेल.

तेव्हा धातूची पेटी घेताना अर्थिंगचा खर्च कॅबिनेटच्या हिशोबात धरा. मीठ-कोळशाचा खड्डा, त्यात पाइप, तिथून सॉकेटपर्यंत हिरवी वायर. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला विसरू नका. कोरड्या मातीतलं अर्थिंग नावापुरतंच असतं.

परीक्षेचा निकाल

एप्रिलमध्ये एका दुपारी, खोली ३९ अंश असताना, मी दोन तासांचा एक चित्रपट लावून तापमान नोंदवलं. कॅबिनेट जसं आलं तसं, म्हणजे मागे एक ८० मिमीचा पंखा आणि समोर काही नाही : हार्ड डिस्क ५६, प्रोसेसर ८३. नंतर समोर १२० मिमीचा पंखा, हार्ड डिस्क त्याच्या बरोबर मागे, वायरी बाजूला बांधलेल्या आणि मच्छरदाणीची जाळी लावलेली : हार्ड डिस्क ४७, प्रोसेसर ७४. महिनाभर जाळी न धुता पुन्हा बघितलं, जवळपास तेवढ्याच उकाड्यात : हार्ड डिस्क ५१. म्हणजे एका पंख्याने ९ अंश कमावले आणि मळलेल्या जाळीने त्यातले ४ परत नेले.

माझा निकाल : हे कॅबिनेट घ्यावं, पण सशर्त. गुण : सगळी मापं प्रमाणित, डीव्हीडीचा कप्पा, समोर पंख्याची जागा, बाजारात सुटे भाग. दोष : पत्रा पातळ, कडा धारदार (बोट कापू शकतं, कानस फिरवून घ्या), मागच्या पट्ट्या मोडक्या, रिमोटसाठी इन्फ्रारेडची सोय नाही. शेवटच्या दोषावर वायरलेस की-बोर्ड हा उपाय. त्याचा छोटा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३.० पोर्टशेजारी लावू नका, त्या पोर्टचा गोंधळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडवतो. एक छोटी एक्स्टेंशन वायर लावून तो समोर आणा.

दुकानात जाताना ही यादी खिशात ठेवा :

१. शोकेसचा कप्पा मोजून जा. पेटीच्या मागे आणि बाजूला चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. दार असलेला बंद कप्पा नको.

२. समोरचं प्लॅस्टिक काढायला लावा. मागे १२० मिमी पंख्याची जागा आणि मोकळी जाळी आहे का ते बघा.

३. हार्ड डिस्कची जागा त्या पंख्याच्या रेषेत आहे का?

४. बाजूचा पत्रा तळहाताने दाबा. डब्याच्या झाकणासारखा 'टक' वाजला तर पुढचं बघा.

५. एसएमपीएस नेहमीच्या एटीएक्स आकाराचाच बसतो ना? बरोबर फुकट येत असेल तर त्याशिवायची किंमत विचारा.

६. उरलेले पैसे दिव्यांवर नाही, पंख्यावर, एसएमपीएसवर आणि अर्थिंगवर घाला.

कॅबिनेट हा कॉम्प्युटरचा असा एकमेव भाग आहे, जो जुना होत नाही. प्रोसेसर पाच वर्षांत मागे पडेल, डिस्क बदलावी लागेल, बोर्डही जाईल. पण नीट निवडलेली प्रमाणित मापाची पेटी पुढच्या दोन मशीनना तरी घर देते. म्हणून तिला दोन मिनिटं नाही, एक दुपार द्या. आणि घरी आणल्यावर दर पौर्णिमेला जाळी धुवायची जबाबदारी घरातल्या एका पोरावर टाका. आमच्याकडे ती मामाच्या धाकट्याने घेतली आहे. मोबदल्यात त्याला रविवारचा सिनेमा निवडायचा हक्क मिळाला आहे!